पात्याचा वाटा

चाळीस वर्षं तौनोनं कुहमोच्या जंगलात झाडं पाडली.
तेव्हा माप म्हणजे पाऊल, नाहीतर नुसती नजर;
चेनसॉ चालू असताना
दोन बोटं इकडेतिकडे झाली तर पाइनचं काय बिघडतं?
आता तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर
अर्ध्या मिलिमीटरसाठी श्वास धरून बसतो,
चष्म्यावर चष्मा लावून.

बर्चचा प्लाय. दुकानदार म्हणाला, अठराचा.
मी कॅलिपर लावला: सतरा पॉइंट सहा.
एकतीस वर्षं सहकारी दुकानाचा गल्ला सांभाळलाय मी,
असली तूट मला रात्री झोपू देत नाही.
"सगळी मापं पुन्हा काढ," म्हटलं.
त्यानं काढली. खोडरबरानं कागद फाटला.

पेन्सिल नको, सुरी घे, हेही मीच सांगितलं.
पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते
आणि तेवढ्या जाडीत माणूस स्वतःशी खोटं बोलू शकतो.
सुरीची रेघ नखाला लागते.

तरीही पहिली फळी आखूड आली.
तीन मिलिमीटर.
बराच वेळ तो टेपकडे संशयानं बघत राहिला,
मग खाली, भुशाकडे.
फिका, मऊ, पिठासारखा भुसा,
आणि त्यात आमचे तीन मिलिमीटर.
पातं आपला वाटा आधी काढून घेतं.
हे रोज त्याच्या हातांदेखत होत आलं होतं,
पण जंगलात कुणी हिशेब मागितला नव्हता.
मी वहीत नवा रकाना पाडला: पातं.

बाहेर उणे बावीस. शेडमध्ये सरस धरत नाही
म्हणून जोडणी झोपायच्या खोलीत.
चार क्लॅम्प घरचे, दोन शेजारच्या रौनीचे,
कमी पडला तिथे तौनोचा जुना पट्टा.
कर्ण मोजले, एकदा असा, एकदा तसा;
दोन्ही सारखे, तरच पेटी गुण्यात.
दोनचा फरक.
त्यानं लांब कर्णावर क्लॅम्प तिरका चढवला,
अर्धा फेरा आवळला. मी टेप धरला.
"अजून?"
"पाव."
सांध्यातून सरस मण्यामण्यांनी बाहेर आला.
एवढ्या कमी शब्दांत आमचं कधीच काही जुळलं नव्हतं,
मुलीचं नाव ठरवताना तर नाहीच.

रात्री दोनदा उठून तो पेटीला हात लावून आला.
मी झोपल्याचं सोंग केलं.

तिसऱ्या दिवशी स्पीकर बसवला, अकॉर्डियन लावलं.
खालच्या सुराला कुठूनतरी बारीक शीळ.
"शीळ येतेय."
"नाही."
"येतेय, तौनो."
डावा कान चेनसॉनं नेला त्याचा,
उजव्यातलं जे जे बारीक ते सगळं.
वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती पेटवून
मी सांध्यासांध्यावरून फिरवली.
मागच्या कोपऱ्यापाशी ज्योत
सुराबरोबर वाकली, उभी राहिली, पुन्हा वाकली.
तो गुडघ्यांवर बसला, सांधे कडकडले
(तेही मलाच ऐकू आले).
पुष्कळ वेळानं म्हणाला, "हे ऐकू येतंय मला."

फट सरसात कालवलेल्या भुशानं बुजवली.
भुसा तोच; मी कॉफीच्या डब्यात भरून ठेवला होता.
वहीत जमेच्या बाजूला लिहिलं: थोडं परत.

आता दुसरी.
एकीनं भागत नाही, दोन्ही बाजूंनी यायला हवं म्हणे,
एक कान असलेला माणूस म्हणतो.
पहिली पुन्हा मोजली, तर उंची एक मिलिमीटर जास्त.
कुठे चुकलं? वही तीनदा वाचली. सापडत नाही.
नवी फळी टेबलावर, सुरी टेकवलेली,
तौनो विचारतो,
"ही बरोबर कापू, की तिच्यासारखी?"

"तिच्यासारखी," मी म्हणते.
तो उजवा कान पुढे करतो.
मी पुन्हा सांगते, मोठ्यानं.